समुद्रातला गॅस आणि आपली शेगडी

आजचं बोलणं गॅसवर आहे, पण नळी कधी बदलावी आणि रेग्युलेटर कसा बंद करावा यावर नाही. आज थोडा इतिहास सांगायचा आहे. बी.ए.ला माझा इतिहासच विषय होता, पण त्यात राजे होते, लढाया होत्या, तह होते. शेगडीत जळणाऱ्या गॅसचा इतिहास कुठल्याच पेपरात आला नाही. तो मला वाचावा लागला तो आपल्या गटांमुळे.

खडवली, टिटवाळा, वासिंद या पट्ट्यातल्या बैठकांमध्ये सध्या एकच विचारणा असते. कल्याण-डोंबिवलीत इमारतींना पाइपचा गॅस आला. आपल्याकडे आला तर सिलिंडरची कटकट जाईल का, आणि तो स्वस्त राहील का? काही गट पोळी-भाजी केंद्रासाठी, फरसाणासाठी कर्ज काढायच्या विचारात आहेत. कर्जाची फेड तीन वर्षांची, आणि इंधनाचा दर कधी वरखाली होईल त्याचा नेम नाही. तळणाच्या धंद्यात तेलाखालोखाल पैसा जातो तो जाळात. म्हणून हा विषय.

आधी एक गोष्ट साफ करू. आपल्या लाल सिलिंडरमधला गॅस आणि पाइपमधला गॅस हे एक नव्हेत. सिलिंडरमध्ये असतो एलपीजी. थोड्या दाबाखाली तो पातळ होतो, म्हणून टाकीत भरता येतो. तो काही प्रमाणात तेलशुद्धीकरण कारखान्यात निघतो आणि काही जमिनीखालच्या वायूतून वेगळा काढतात. पाइपमधून येतो तो नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन. रिक्षाच्या टाकीत दाब देऊन भरतात तो सीएनजीही तोच. हा मिथेन साध्या दाबाने पातळ होत नाही. त्याला उणे १६२ अंशांपर्यंत गार करावं लागतं, तेव्हा कुठे तो पातळ होतो आणि सहाशेपट कमी जागेत मावतो. मग खास बोटीत भरून समुद्रापार नेता येतो. त्याला एलएनजी म्हणतात. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भानगड यातच आहे. धान्याचं पोतं साठवता येतं, रॉकेलचा डबा साठवता येतो. मिथेन साठवणं फार महागडं काम. पाइप असेल तर गॅस आहे, नाहीतर असूनही नाही.

मुंबईला गॅस नवा नाही. १८६५ साली तिथल्या काही रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. तो गॅस जमिनीतला नव्हता, दगडी कोळसा भट्टीत तापवून काढलेला होता. दिवाबत्तीवाला संध्याकाळी काठी घेऊन दिवे लावत फिरायचा. घरगुती सिलिंडर आला त्यानंतर नव्वद वर्षांनी. ट्रॉम्बे-माहुलला तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, आणि १९५५च्या सुमारास बर्मा शेल कंपनीने मुंबईत 'बर्शेन' नावाने सिलिंडर विकायला सुरुवात केली. तोच पुढे भारत गॅस झाला. पण हे शहरातल्या मोजक्या घरांचं. गावात चूल होती, लाकूडफाटा होता, गोवऱ्या होत्या, शहरातल्या गरिबाघरी रॉकेलचा स्टोव्ह.

आणि त्या रॉकेलसाठी बायका रस्त्यावर आल्या. १९७२ला महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एका झेंड्याखाली आल्या. लाटणी आणि थाळ्या हातात घेऊन मोर्चे निघाले. धान्य, तेल, रॉकेल मिळत नाही, मिळतं ते काळ्या बाजारात, ही तक्रार. तेवढ्यात १९७३च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेलाचा पुरवठा आखडला आणि काही महिन्यांत खनिज तेलाचा दर पिंपाला तीन डॉलरवरून बाराच्या घरात गेला. चौपट. सात समुद्रांपलीकडची लढाई स्टोव्हपर्यंत कशी पोहोचते ते आपल्या आज्यांना तेव्हाच कळलं होतं. त्यांना कोणी अर्थशास्त्र शिकवलं नव्हतं.

नेमक्या त्याच वेळी आपल्या समुद्रात तेल लागलं. १९७४चा फेब्रुवारी. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत, 'सागर सम्राट' नावाच्या जपानमध्ये बांधलेल्या फलाटाने भोक पाडलं आणि बॉम्बे हाय सापडलं. १९७६ला उत्पादन सुरू झालं. त्याच वर्षी जवळच आणखी एक क्षेत्र सापडलं, त्यात प्रामुख्याने गॅस. त्याला नाव दिलं बेसीन, म्हणजे आपली वसई. तेव्हा वसई ठाणे जिल्ह्यातच होती. म्हणजे देशातलं एक मोठं गॅसक्षेत्र आपल्या जिल्ह्याच्या गावाच्या नावाने ओळखलं जातं.

मग तो गॅस आपल्याला मिळाला का? इथे थोडं थांबायला हवं. तेलाबरोबर वर येणारा गॅस न्यायला सुरुवातीला पुरेशा वाहिन्या नव्हत्या, घ्यायला पुरेसे कारखाने नव्हते. म्हणून कितीतरी वर्षं त्यातला मोठा वाटा समुद्रातच पेटवून दिला जात होता. इकडे बायका मोळ्या वाहत होत्या आणि तिकडे गॅस नुसता जळत होता. काही गॅस पाइपने उरणला आला. तिथे १९८२पासून राज्य वीज मंडळाचं गॅसवरचं वीजकेंद्र चालू झालं, पुढे ते ६७२ मेगावॅटचं झालं. अलिबागजवळ थळला खताचा कारखाना उभा राहिला, कारण युरिया गॅसपासून होतो. आपण भाताला घालतो त्या युरियाच्या गोणीतही गॅस आहे बरं. आणि वसईच्या नावाच्या क्षेत्रातला गॅस मुख्यतः गेला गुजरातमध्ये हजिराला, तिथून १९८०च्या दशकात टाकलेल्या लांबलचक वाहिनीने मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशाकडे. तिथे खताचे कारखाने हवे होते, देशाला धान्य हवं होतं, त्यात चूक काही नाही. पण आपल्याला यात नवल वाटायला नको. भातसा आपल्या दारातून वाहते, धरण शहापूर तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर. जिथे निघतं तिथेच मिळतं असं पाण्याचं नाही, गॅसचंही नाही.

घरात पाइपचा गॅस यायला १९९५ उजाडलं. त्या वर्षी महानगर गॅस कंपनी स्थापन झाली. आधी मुंबई, मग ठाणे, मीरा-भाईंदर, नवी मुंबई, मग आपल्याकडचे कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, उल्हासनगर. मुंबईची हवा काळी झाली होती म्हणून टॅक्सी-रिक्षा सीएनजीवर आणायचे न्यायालयाचे आदेश झाले आणि गॅसचे पंप वाढले. बॉम्बे हायचा गॅस सरकारच्या ठरवून दिलेल्या दराने मिळत होता, त्यामुळे बरीच वर्षं तो पेट्रोलपेक्षा चांगलाच स्वस्त पडला. लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं की गॅस म्हणजे स्वस्त.

आता मुख्य गोष्ट. महाराष्ट्राने गॅसच्या भविष्यावर एकदा मोठी पैज लावली होती. ती कोकणात लावली आणि हरली. ती नीट समजून घेऊ, कारण कर्ज, हप्ता, व्याज हे शब्द आपल्याला सरकारी अधिकाऱ्यांपेक्षा कमी कळत नाहीत.

१९९२चा जून. एन्रॉन नावाच्या अमेरिकन कंपनीची माणसं महाराष्ट्रात आली आणि पाच दिवसांत, २० जूनला, वीज मंडळाशी प्राथमिक करार झालासुद्धा. आपल्या गटात वीस हजारांच्या कर्जाला याहून जास्त बैठका लागतात. प्रकल्पाला नाव दाभोळचं, पण जागा खाडीच्या पलीकडची, गुहागर तालुक्यातली. अंजनवेल, वेलदूर, रानवी ही गावं. दोन हजार मेगावॅटच्या वर वीज, आणि ती एलएनजीवर. गॅस येणार ओमान आणि अबुधाबीहून बोटीने. १९९३च्या डिसेंबरात वीस वर्षांचा वीजखरेदी करार झाला.

त्या आधीच, १९९३च्या एप्रिलमध्ये, जागतिक बँकेने या प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला होता. वीज गरजेपेक्षा जास्त आणि महाग पडेल, हे त्यांचं कारण. पुण्याच्या 'प्रयास' गटातल्या मंडळींनी करारातले आकडे मांडून लोकांना समजावलं. कामगार संघटना कोर्टात गेल्या. म्हणजे कोणी सांगितलं नाही असं झालं नाही.

करारात होतं काय? आपल्या भाषेत सांगते. समजा, गटाने एका पिठाच्या गिरणीवाल्याशी ठरवलं. दळण आणलं तर दळणाचे पैसे द्यायचेच, पण नाही आणलं तरी गिरणीचं भाडं दर महिन्याला द्यायचं, वीस वर्षं. वर पिठाचा भाव बाहेरदेशच्या बाजारावर. आणि भाड्याचा हिशोब डॉलरमध्ये. असा ठराव आपल्या रजिस्टरवर कोणी लिहिला तर आपली अध्यक्ष सही करेल का? वीज मंडळाने केली. वीज घ्या किंवा न घ्या, क्षमतेचा आकार भरायचाच. इंधनाचा खर्च जो होईल तो मंडळाचा. आणि रुपया घसरला तर तोही भार मंडळाचाच. करार झाला तेव्हा डॉलर ३१-३२ रुपयांना होता. २००१ला ४७च्या आसपास गेला.

१९९५ला सरकार बदललं. हा प्रकल्प अरबी समुद्रात बुडवू अशी घोषणा निवडणुकीत झाली होती. त्याप्रमाणे ऑगस्टात करार रद्दही झाला. आणि काही महिन्यांतच नव्या वाटाघाटी होऊन प्रकल्प पुन्हा उभा राहिला, उलट दुसरा टप्पाही पक्का झाला. यावर मी काय बोलू? घोषणा आणि सही यांतलं अंतर आपण ग्रामसभेतही पाहतो.

गावातल्या बायकांनी मात्र माघार घेतली नव्हती. वेलदूर हे मच्छीमारांचं गाव. यंत्र गार करून समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याने खाडीची मासळी जाईल, ही त्यांची भीती. जमिनी गेल्या, पाणी गेलं, आता मासळीही जाणार. १९९७मध्ये मोर्चे, धरणी, अटका सुरू होत्या. ३ जून १९९७ला पहाटे पोलीस वेलदूरमध्ये घुसले. पुरुष बरेचसे मासेमारीला गेलेले, घरात होत्या त्या बायकांना ओढून बाहेर काढलं, मारलं, गाडीत घातलं. हे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या त्याच वर्षीच्या अहवालात आणि ह्युमन राइट्स वॉचच्या १९९९च्या अहवालात नोंदलेलं आहे. ऊर्जेच्या इतिहासाच्या पुस्तकात मेगावॅट असतात, कंपन्यांची नावं असतात. या बायकांची ओळसुद्धा मोठ्या शोधाने सापडते. म्हणून इथे मुद्दाम सांगितली.

१९९९च्या मेमध्ये पहिला टप्पा सुरू झाला. बोटीतून गॅस यायची सोय अजून तयार नव्हती, म्हणून नाफ्था जाळून वीज काढू लागले. नाफ्था म्हणजे तेलातून निघणारं इंधन. तेल महागलं की तोही महागतो, आणि २०००मध्ये तेल महागलं. अडीच रुपयांच्या आतबाहेर पडेल म्हणून सांगितलेली वीज एका टप्प्याला युनिटला सात रुपयांच्या वर गेली. मंडळाने घेणं कमी केलं. घेणं कमी केलं तरी भाडं चालूच, त्यामुळे युनिटचा दर आणखी चढला. हा फेरा बघा. जितकं कमी वापराल तितकं महाग. २००१च्या सुरुवातीला राज्याला पैसे देणं जमेना. माधव गोडबोले समितीने करारावर कडक ताशेरे ओढले. मेमध्ये केंद्र बंद पडलं आणि डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉन कंपनीच दिवाळखोरीत गेली. तिचे हिशोबच खोटे निघाले.

गोष्ट इथे संपत नाही. २००५ला सरकारी कंपन्यांनी, एनटीपीसी आणि गेलने, मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी काढली आणि केंद्र पुन्हा चालू केलं. आता गॅस कुठून? २००९ला आंध्रच्या किनाऱ्याजवळ, कृष्णा-गोदावरी खोऱ्यात, नवा साठा वाहू लागला होता. दिवसाला ८ कोटी घनमीटर गॅस निघेल असं सांगत होते. देशभर त्या भरवशावर वीजकेंद्रं बांधली गेली. पण काही काळ ६ कोटींच्या आसपास जाऊन उत्पादन कोसळलं, २०१३पर्यंत दीड कोटीच्याही खाली. दाभोळ पुन्हा थंड. देशातली इतरही गॅसवरची वीजकेंद्रं अशीच बसून राहिली. कर्जाचे हप्ते मात्र बसत नाहीत.

२०१५च्या अखेरीपासून मध्य रेल्वेने दाभोळची वीज घेतली. म्हणजे आपल्या खडवलीला थांबणारी कसारा लोकलही काही वर्षं थोडीफार त्या विजेवर पळाली असणार. २०२२ला तो करारही संपला. शेजारी एलएनजी उतरवायचं टर्मिनल आहे. ते २०१३ला चालू झालं, पण लाटा अडवायला बंधारा पुरा नव्हता म्हणून पुढची अनेक वर्षं पावसाळ्यात बोटच लागत नव्हती. कोकणातल्या पावसाळ्याचा हिशोब धरायला कोकणातल्या कोळणीला विचारलं असतं तरी चाललं असतं.

दाभोळ ही काही गॅसचीच चूक होती असं मला म्हणायचं नाही. गॅस चांगला आहे. धूर नाही, राख नाही, डोळे चुरचुरत नाहीत. चुलीपुढे फुंकणी घेऊन खोकणाऱ्या बाईला गॅस वाईट म्हणून सांगायला मी बसलेली नाही. चूक होती ती पुढच्या वीस वर्षांचा दर आणि पुरवठा आजच माहीत आहे असं धरून चालण्याची, आणि तो धोका एकाच बाजूच्या पदरात टाकण्याची.

आता अलीकडचं. १ एप्रिल २०२२ला महाराष्ट्र सरकारने गॅसवरचा मूल्यवर्धित कर साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला. मुंबई-ठाण्यात सीएनजी किलोला ६० रुपये झाला. रिक्षावाले खूश. चारच महिन्यांत, ऑगस्टमध्ये, तोच सीएनजी ८६ रुपयांवर होता. मध्ये झालं काय? रशिया-युक्रेन युद्ध. रशियाचा पाइपमधला गॅस कमी झाल्यावर युरोपातले श्रीमंत देश जगभरच्या एलएनजीच्या बोटी वाटेल त्या भावाने उचलू लागले. आपल्याकडे वळणाऱ्या बोटी तिकडे वळल्या. त्या वाढीतून आपल्या स्टेशनबाहेरची शेअर रिक्षाही सुटली नाही.

मग सरकारने किरीट पारीख समिती नेमली आणि एप्रिल २०२३पासून जुन्या क्षेत्रांच्या गॅसला कमाल दर बांधला, साडेसहा डॉलर. २०२५च्या एप्रिलपासून तो पावणेसात झाला. हा गॅस घरगुती पाइप आणि सीएनजीला आधी देतात. म्हणून घरच्या पाइपच्या गॅसचा दर त्या मानाने आटोक्यात राहतो. पण हा स्वस्त गॅस त्याच जुन्या विहिरींचा, बॉम्बे हाय आणि वसईचा. पन्नास वर्षांची विहीर ती, उपसा कमी होत जाणारच. ओएनजीसीने जानेवारी २०२५मध्ये बॉम्बे हायचं उत्पादन वाढवायला ब्रिटिश कंपनी बीपीची मदत घेतली ती त्यासाठीच. २०२४च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शहर गॅस कंपन्यांना मिळणारा स्वस्त गॅस दोनदा कापला गेला, आणि नोव्हेंबरात मुंबईत सीएनजी ७७ रुपये झाला. जेवढा स्वस्त गॅस कमी तेवढा महागडा बाहेरून आणायचा, आणि मिसळून दर काढायचा. दुधात कोणाचं दूध किती, तसं हे आहे.

आज देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा बाहेरून येतो. सिलिंडरच्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त. त्यातला खूप मोठा भाग आखाती देशांतून, होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून. तिथे काही पेटलं की इथे दर हलतो. १९७३चीच गोष्ट, फक्त आता आपल्या घरोघरी शेगडी आहे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ला सुरू झाली, आपल्या कातकरी, ठाकूर वाड्यांवरही सिलिंडर पोहोचला, हे मोठं काम झालं. पण मुंबईत १४.२ किलोचा सिलिंडर २०२३च्या मार्चमध्ये ११०२ रुपये ५० पैशांवर गेला तेव्हा किती शेगड्यांवर कपडा टाकून ठेवला होता ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. निवडणुका जवळ आल्या तसा तो उतरला, ८०२ रुपये ५० पैशांवर आला, आणि एप्रिल २०२५मध्ये पुन्हा ५० रुपये चढला. उज्ज्वलाला २०० आणि नंतर ३०० रुपयांची सवलत खात्यात येते, पण आधी पूर्ण पैसे मोजावे लागतात. मजुरी हातात पडलेली नसते तेव्हा तेच जमत नाही.

पुढचं काय? कोणी छातीठोक सांगत असेल तर दाभोळ आठवा. जे ठरलेलं आहे तेवढं सांगते. फेब्रुवारी २०२४मध्ये पेट्रोनेट कंपनीने कतारशी करार वाढवला, वर्षाला ७५ लाख टन एलएनजी, २०२८पासून २०४८पर्यंत. लांब मुदतीचा करार असला की बाजार पेटला तरी तेवढा गॅस ठरल्या हिशोबाने मिळतो, हा फायदा. कतार आणि अमेरिका दोघेही उत्पादन खूप वाढवत आहेत, त्यामुळे काही वर्षं दर उतरूही शकतो. पण मोबदला डॉलरमध्ये, आणि डॉलर २०२५मध्ये ८५ रुपयांच्या पुढे गेलाय. देशाच्या एकूण ऊर्जेत गॅसचा वाटा ६ टक्क्यांच्या आसपास आहे, तो २०३०पर्यंत १५ टक्के करायचं सरकारचं उद्दिष्ट आहे. मागणी वाढणार हे नक्की. समृद्धी महामार्ग आपल्या जवळच्या आमण्यापासून सुरू होतो. त्याच्या कडेने मुंबई-नागपूर-झारसुगुडा ही गॅसवाहिनी टाकली आहे. ती मोठी वाहिनी आहे, तिच्यातून थेट शेगडीला जोडणी मिळत नाही. पण गॅस आपल्या शिवाराजवळून जातोय एवढं खरं.

माझं मत विचाराल तर पाइप आला तर घरासाठी जरूर घ्यावा. जेवढा वापर तेवढं बिल, नोंदणी नको, टाकी उचलणं नको. धंद्याचं वेगळं. घरगुती दर आणि धंद्याचा दर वेगळे असतात. धंद्याच्या गॅसला तो स्वस्त वाटा मिळत नाही, बाजाराचा झटका थेट बसतो. सिलिंडरचंही तेच, १९ किलोच्या धंद्याच्या टाकीचा दर दर महिन्याला बदलतो. तेव्हा प्रकल्प अहवाल लिहिताना इंधनाचा आजचाच दर तीन वर्षं धरू नका. दीडपट धरून बघा. तरी हप्ता निघत असेल तर पुढे जा.

आणि एक जुना मार्ग राहिला. १८९७ला मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस काढून दिवे लावले होते. बॉम्बे हायच्या पाऊणशे वर्षं आधी. त्यातही जळतो तो मिथेनच. पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने गोबरगॅस गावोगाव नेला, १९८१-८२पासून देशपातळीवर कार्यक्रम आला, आपल्याकडेही खड्डे झाले. त्यातले कितीतरी आज कचऱ्याने भरलेत. अनुदान बांधायला मिळालं, दुरुस्तीला माणूस मिळाला नाही. शिवाय रोज शेण आणि तेवढंच पाणी कालवायचं काम कोणाच्या वाट्याला येतं ते सांगायला नको. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. तेवढी आता घरटी नाहीत, पण तबेले आहेत. पुण्याच्या आरती संस्थेने खरकट्या अन्नावर चालणारं छोटं संयंत्र केलं, त्याला २००६ला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पोळी-भाजी केंद्राकडे खरकटं रोजचंच. सरकारनेही २०२५-२६पासून पाइपच्या आणि गाड्यांच्या गॅसमध्ये एक टक्का जैववायू मिसळायचं ठरवलंय, २०२८-२९ला पाच टक्के. म्हणजे शेणाला गिऱ्हाईक येणार. ते शेण कोण विकणार, आपला ग्रामसंघ की मधला दलाल, हे अजून ठरायचं आहे.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येक गटाने तीन गोष्टी लिहून आणायच्या आहेत. गेल्या वर्षभरात घरटी किती सिलिंडर भरले आणि कोणत्या महिन्यांत भरले नाहीत. लाकडासाठी आठवड्यातून किती वेळा जावं लागतं आणि कोण जातं, आई की शाळेतली मुलगी. आणि वाडीत जनावरं किती. धंद्याचं कर्ज मागणाऱ्या गटांनी गॅसच्या पावत्याही आणाव्यात, फाटक्या असल्या तरी चालतील.